चौबळ ओव्हरसियरांचा जिना

डोंबिवली पश्चिमेला, आमच्या अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, रविवारी सकाळी नऊ वाजता मी चौबळ ओव्हरसियरना तिरडीवर झोपलेलं पाहिलं.

अंगात पांढरा बुशशर्ट, कानावर पेन्सिल, छातीवर दोन्ही हात आणि त्या हातांत मोजायची टेप. डोळे मात्र टक्क उघडे. तिरडीच्या तीन कोपऱ्यांवर तीन गवंडी उभे होते. माझी बायको सुनंदा माझ्या मागे पोह्यांचा डबा घेऊन होती. तिने डबा पोटाशी घट्ट धरला आणि ती माझ्या पाठीआड सरकली. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, पण ती अशी माझ्यामागे लपलेली मी कधी बघितलेली नव्हती.

"सेक्रेटरी, बरं झालं आलात," तिरडीवरून आवाज आला. "चौथा खांदा कमी पडतोय. या."

तेवढ्यात खालच्या रस्त्याने सायकलवरून चाललेला पाववाला थांबला. रस्त्याच्या बाजूची भिंत अजून उभी राहिली नव्हती, त्यामुळे त्याला वरचं सगळं दिसत होतं. त्याने हात जोडले आणि हळूच विचारलं, "कोण गेलं हो?" चौबळांनी मान उचलून त्याला सांगितलं, "अजून कुणी नाही. तुम्ही व्हा पुढे." पाववाला असा काही सुटला की त्याच्या पेटीतले दोन पाव रस्त्यावर पडले ते त्याने उचललेही नाहीत.

माझा स्वभाव मुळातच धक्का बसण्याचा आहे. ऑफिसात कुणी मोठ्याने टेबलाचा खण बंद केला तरी मी दचकतो. अशा माणसाने हाऊसिंग सोसायटीचा सेक्रेटरी होऊ नये. पण ऐंशीच्या दशकात आम्ही सतरा नोकरदार माणसांनी मिळून डोंबिवलीत स्वतःची इमारत बांधायचं ठरवलं तेव्हा माझं अक्षर चांगलं म्हणून सगळ्यांनी मला सेक्रेटरी केलं. बिल्डरकडून तयार घर घ्यायची आमची ऐपत नव्हती. खाडीच्या बाजूला पाणी साचणारी म्हणून स्वस्तात मिळालेली जागा होती. आता स्वस्तात आणि टिकाऊ बांधून देणारा माणूस हवा होता. कोणीतरी सांगितलं, ठाण्याला नौपाड्यात एक रिटायर्ड ओव्हरसियर आहेत, चौबळ नावाचे, थोडे विक्षिप्त आहेत पण वीट वाया घालवत नाहीत.

मी त्यांना भेटायला गेलो. ते तिसऱ्या मजल्यावर राहायचे. जिना असा अरुंद, चढा आणि काळोखा होता की दुसऱ्या मजल्याच्या वळणावर माझं कोपर सोलवटलं. वर चौबळ दारातच उभे होते. मी रुमालाने कोपर दाबत चिडून म्हणालो, "कुठल्या गाढवाने काढलाय हो हा जिना?"

"गाढवच होता," चौबळ अगदी गंभीरपणे म्हणाले. "चला, खाली चहा घेऊ."

म्हणजे मी तिसऱ्या मजल्यावर चढलो ते परत उतरण्यासाठी. पुढे वर्षभर मी नौपाड्यात जायचो, पण त्यांनी मला एकदाही घरात घेतलं नाही. आमच्या सगळ्या बैठका इमारतीखालच्या चहाच्या दुकानात व्हायच्या. तिथे त्यांच्या ठरलेल्या बाकड्याच्या वर, खिळ्याला एक पितळी घंटी टांगलेली होती. घंटीची सुतळी भिंतीच्या कडेने थेट तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत गेलेली. घंटी वाजली की चौबळ वाक्य अर्धं टाकून उठायचे, नकाशावर कपबशी ठेवायचे आणि वर पळायचे. या वयात दोन-दोन पायऱ्या एकदम. वीसेक मिनिटांनी परत येऊन ते अर्धं वाक्य पुरं करायचे. मी दुकानदाराला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "बायको आहे वर. पण खाली कधी दिसत नाही." मी मनाशी ठरवून टाकलं की बाई भलत्याच ताठ असणार आणि ओव्हरसियरना असं घंटीवर नाचवत असणार. मला त्यांची थोडी कीवही आली.

चौबळांचं एक आवडतं वाक्य होतं, "आधी माणूस मोजा, मग खोली." हे ते नुसतं म्हणत नसत. नकाशा काढण्याआधी ते आमच्या सतराही बिऱ्हाडांत टेप घेऊन फिरले. आमच्याकडे आले, चहा नको म्हणाले आणि सुनंदाला म्हणाले, "वहिनी, पोळी लाटा."

"आत्ता? कणीक नाही भिजवलेली," सुनंदा म्हणाली.

"कणीक नको. नुसती लाटा."

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं, मी भिंतीकडे पाहिलं. शेवटी ती बिचारी रिकाम्या ओट्यावर हवेतली पोळी लाटू लागली आणि चौबळ तिच्या कोपराची जमिनीपासूनची उंची मोजून वहीत लिहू लागले. परक्या माणसाने येऊन बायकोचं कोपर मोजावं आणि नवऱ्याने टेपचं दुसरं टोक धरून उभं राहावं, हा प्रकार आमच्या सात पिढ्यांत झाला नसेल. पण आज आमच्या इमारतीत प्रत्येक घराचा ओटा वेगळ्या उंचीचा आहे आणि सुनंदाची पाठ दुखत नाही, हे मला कबूल केलं पाहिजे.

सिमेंटच्या बाबतीत ते अतिशय कंजूष. "सिमेंट मिठासारखं वापरायचं, भातासारखं नाही," असं म्हणायचे. पडलेल्या जुन्या घरांची मंगलोरी कौलं त्यांनी कल्याणहून टेम्पो भरून आणली आणि स्लॅब घालताना लोखंडी सळ्यांच्या मधे मांडायला सुरुवात केली. मी धावत गेलो. त्यांनी मला शांतपणे समजावलं की स्लॅबच्या खालच्या भागात काँक्रीटला फारसं काम नसतं, तिथे कौलं बसवली की माल वाचतो, वजन कमी होतं आणि खालची खोली गार राहते. मला पटलं, पण त्या रात्री स्वप्नात माझ्या अंगावर कौलं पडली.

वाऱ्याची दिशा बघायला ते भर उन्हाळ्यात दुपारी दोन वाजता उदबत्ती पेटवून मोकळ्या प्लॉटवर फिरायचे. धूर जिकडे जाईल तिकडे खडूची खूण. आमचा मिस्त्री बाळाराम तिथलाच, खाडीकाठच्या गावातला. त्याने पहिल्या दिवशी ते पूजा करताहेत असं समजून चपला काढल्या आणि तापलेल्या जमिनीवर तसाच उभा राहिला. नंतर कपाळाशी बोट फिरवत मला म्हणाला, "सायेब, यो मानूस येरा हाय. पन वारा त्याने बरोबर धरलान."

खरा भडका उडाला तो भिंतीवरून. चौबळांनी विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावल्या, त्यामुळे भिंतीच्या पोटात पोकळी राहू लागली. ही बातमी मेंबरांत पसरली. आमचे चेअरमन राजवाडे, मोठ्या आवाजाचे आणि शुद्ध बोलण्याचे, त्यांनी साइटवर येऊन भिंतीवर टिचकी मारली आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"ओव्हरसियर, ही भिंत आतून रिकामी आहे."

"हो. थर्मासही आतून रिकामाच असतो," चौबळ म्हणाले. "म्हणून त्यात चहा गरम राहतो. इथे तुम्ही गार राहाल. शिवाय विटा कमी लागतात."

राजवाडे थर्मास वापरत असावेत, कारण त्यांनी दुसरी टिचकी मारली नाही.

असा हा इंचाइंचाला जपणारा माणूस. बाहेरून गिलावा नको, वीट उघडी राहू दे. खिडकीला महागडी काच नको, विटांची जाळी करू. पण एका ठिकाणी त्यांनी हात एवढा सैल सोडला की आम्ही सगळे चक्रावलो. ते ठिकाण म्हणजे जिना. पाणी साचतं म्हणून तळमजला मोकळा, नुसत्या खांबांवर ठेवलेला होता आणि सगळी घरं वरच्या तीन मजल्यांवर होती. लिफ्ट आमच्या स्वप्नातही नव्हती. पहिल्या मजल्यापर्यंतचा जिना झाला आणि आम्ही बघतच राहिलो. एखाद्या सरकारी कचेरीला शोभेल इतका रुंद. वळणावर तर दोन खाटा मावतील एवढी मोकळी जागा. पायऱ्या इतक्या ठेंगण्या की चढताना आपण चढतोय हे कळत नव्हतं.

राजवाड्यांनी हिशेब मांडला. वरचे दोन मजले तरी जिना नेहमीसारखा अरुंद केला, तर वाचलेल्या जागेत प्रत्येक स्वयंपाकघराला एक छोटी कोठीची खोली मिळेल. कोठीची खोली म्हटल्यावर आमच्या बायकांचे डोळे चमकले. एका शाळेच्या वर्गात, मुलांच्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन आम्ही सभा भरवली. सतरा जण कोठीच्या बाजूने. मीही. चौबळांनी फी म्हणून सोसायटीची एक मेंबरशिप घेतली होती, तेवढं एक मत विरुद्ध.

चौबळ फळ्यापाशी उभे होते. नेहमी फाडफाड बोलणारा माणूस, त्या दिवशी खडू हातात फिरवत राहिला. मग त्यांनी विचारलं, "तुमच्यापैकी प्रत्येकाच्या घरातून कधी ना कधी कोणीतरी आडवं जाणार. ते वळणावर कसं वळणार?"

कोणीतरी "शिव शिव" म्हणालं.

"रविवारी नऊ वाजता साइटवर या," चौबळ म्हणाले. "दाखवतो. मग काय ते ठरवा."

तर तो हा रविवार. मला चौथा खांदा द्यावाच लागला. जिवंत माणसाला मी पहिल्यांदाच खांदा देत होतो, आणि तो सारखा सूचना करत होता. "सेक्रेटरी, डावा खांदा खाली. मी भिंतीला लागलो की तिथेच थांबा, खडूने खूण करा." सगळे मेंबर येऊन खालच्या पायऱ्यांवर उभे राहिले होते. आधी पूर्ण रुंद वळणावरून आम्ही त्यांना नेलं. तिरडी एकदाही कुठे न अडता फिरली. मग बाळारामने राजवाड्यांच्या मापाने जिन्यात विटा रचल्या आणि आम्ही पुन्हा निघालो. वळणावर बांबूचं पुढचं टोक विटांत घुसलं, मागचं भिंतीत. मागेही सरता येईना.

"आता काय कराल?" तिरडीवरून प्रश्न आला.

"उबी कराय लागंल," बाळाराम म्हणाला.

आणि आम्ही ती उभी केली. सुंभाने बांधलेले चौबळ तिरडीसकट सरळ उभे राहिले ते नेमके चेअरमन राजवाड्यांच्या समोर, नाकाला नाक लावून.

"नमस्कार राजवाडे," चौबळ म्हणाले. "आई बऱ्या आहेत ना?"

राजवाड्यांच्या आई ब्याऐंशी वर्षांच्या होत्या. राजवाड्यांनी तिथल्या तिथे जिन्याच्या कठड्याला धरलं. सुनंदा घरी जाऊन डोक्यावरून आंघोळ करून आली आणि पोहे कोणीच खाल्ले नाहीत. पण ठराव झाला. जिना तिन्ही मजले रुंदच राहील, सर्वानुमते. मी तो सुवाच्य अक्षरात लिहिला.

दोन गोष्टी मात्र मला तेव्हा खटकल्या होत्या. विटा उचलताना बाळाराम म्हणाला, "ओवरशियर, तिरडी एवरी रुंद नसतं कदी. गावान निदान पन्नास बांदल्यान मी." त्यावर चौबळ "तू विटा उचल" एवढंच म्हणाले. आणि मी त्यांना विचारलं होतं की मेलेल्याला नेण्यासाठी पायऱ्या एवढ्या ठेंगण्या कशाला. ते म्हणाले, "उचलणारे जिवंत असतात, सेक्रेटरी." उत्तर चोख होतं, म्हणून मी पुढे विचार केला नाही.

इमारत पुरी झाली. घरांच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि चौबळांना तिसरा मजला आला. वय बघून मी त्यांना माझा पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट बदलून देऊ केला. मला वाटलं, ते भारावतील. ते म्हणाले, "कशाला? जिना आहे की. आणि वरून खाडी दिसते."

सामान हलवायच्या दिवशी मी आणि बाळाराम टेम्पो घेऊन नौपाड्याला गेलो. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांच्या घरात पाऊल टाकलं. खिडकीपाशी, सुतळीचं टोक मनगटाला गुंडाळलेल्या, एक किरकोळ बांध्याच्या बाई बसल्या होत्या. केस नीट विंचरलेले, साडी कडक इस्त्रीची. हातापायांची बोटं मात्र संधिवाताने मुळांसारखी वाकडी झालेली.

"या सेक्रेटरी," त्या म्हणाल्या. "तुम्हीच ना ते, यांना गाढव म्हणालात? मी आतून ऐकलं. दोन दिवस हसत होते."

मला काही कळेना.

"अहो, ही इमारत यांनीच काढलेली, उमेदीच्या वयात. मालक खूश झालेला. एवढ्या कमी जागेत बसवलेला जिना म्हणून सगळे बघायला यायचे. लग्न होऊन मी इथेच आले."

मी चौबळांकडे पाहिलं. ते पाठमोरे, ट्रंकेची दोरी आवळत होते.

बाकीचं बाईंनीच सांगितलं, सहज, भाजीचा भाव सांगावा तसं. नऊ वर्षांपूर्वी पाय गेले. दवाखान्यात न्यायचं तर खुर्ची वळणावर वळेना. शेवटी चादरीच्या झोळीत घालून चौघांनी नेलं, गाठोडं नेतात तसं. दुसऱ्या मजल्यावरची मुलं दारात येऊन बघत होती. परत आल्यावर त्यांनी नवऱ्याला सांगितलं, पुन्हा मला असं नेऊ नका. तेव्हापासून त्या खाली उतरल्या नव्हत्या. खिडकीतून समोरच्या इमारतीची न्हाणीघरं दिसत होती, ती नऊ वर्षं बघितली.

कोपऱ्यात एक लाकडी हातांची खुर्ची होती. तिच्या दोन्ही बाजूंना लांब बांबू बांधलेले. बाळाराम तिच्याकडे बघत राहिला. त्याने हाताने वीत टाकून रुंदी मोजली आणि माझ्याकडे वळला.

"सायेब, ही तं आपली तिरडी."

"बांबू तेच आहेत," बाई म्हणाल्या. "मीच दिले. म्हटलं, माप चुकायला नको."

आयुष्यात मला अनेक धक्के बसलेत. हा मात्र वेगळा होता, तो बसला तिथेच राहिला.

निघायचं तर झोळीशिवाय मार्ग नव्हता. या वेळी बाईंनीच चादर मागितली. "एकदाच आता," म्हणाल्या आणि पदर चेहऱ्यावर ओढून घेतला. चौबळ पुढे, उलटे, एकेक पायरी मागे उतरत, बाईंची पावलं आपल्या छातीशी धरून. वळणावर भिंतीला घासून त्यांचा शर्ट खांद्यावर फाटला. "झालं, झालं, आलंच," एवढंच ते म्हणत होते. मी झोळीचा एक कोपरा धरला होता. हे एवढं जवळून बघितल्यावर मला रडू आलं आणि ते मी आवरलं नाही.

बाई टेम्पोत पुढे बसल्या. मागे सामानात मी चौबळांच्या शेजारी होतो. मी म्हटलं, "ओव्हरसियर, सभेत हे सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं," ते म्हणाले. "'माझ्या बायकोची खुर्ची वळली पाहिजे, तुमच्या कोठीच्या खोल्या सोडा.' तुम्ही मिनिट-बुकात काय लिहिलं असतंत?"

मला ते वाक्य पाठ होतं. 'सहानुभूतीपूर्वक विचार करण्यात येईल.' मी तेच लिहिलं असतं, सुवाच्य अक्षरात, आणि खाली कोठ्यांचा ठराव. कारण कोठीला हात वर करणाऱ्यांत मीही होतो. माझं कोपर ज्या वळणावर सोलवटलं तिथूनच त्या बाईंना गाठोड्यासारखं नेलं होतं, आणि मी त्यांना ताठ म्हणत होतो.

"आजाऱ्याला कोणी इंच सोडत नाही," चौबळ म्हणाले. "मेलेल्याला सगळे सोडतात. म्हणून मेलो."

डोंबिवलीला बाई खुर्चीत बसल्या, चौघांनी बांबू उचलले आणि त्या जिना चढू लागल्या. पदर खांद्यावर, चेहरा उघडा. दारादारातून बायका बाहेर आल्या. पहिल्या वळणावर खुर्ची फिरली. बाईंनी आपला वाकडा हात बाहेर काढून भिंतीच्या दिशेने लांब केला. तो भिंतीला पोचला नाही.

"थांबा," त्या म्हणाल्या. "इथे ठेवा मला."

"अगं, अजून अडीच मजले आहेत," चौबळ म्हणाले.

"ठाऊक आहे. जरा बसू दे की. माणसं जातायत येतायत."

आम्ही खुर्ची तिथेच टेकवली. विटांच्या जाळीतून खाडीचा वारा येत होता. राजवाड्यांच्या आई कठडा धरत वर आल्या, थांबल्या, "नवीन का?" म्हणाल्या आणि शेजारून पुढे गेल्या. चौबळांनी सवयीने खिशातून टेप काढली आणि खुर्ची व भिंत यांच्यामधलं अंतर मोजायला वाकले.

"पुरे आता," बाई म्हणाल्या. "बसा."

चौबळांनी टेप खिशात ठेवली आणि ते बाईंच्या पायांपाशी पायरीवर बसले.

जिन्यात कोणतीही वस्तू ठेवू नये, हा आमच्या सोसायटीचा नियम माझ्याच हस्ताक्षरात खालच्या फळ्यावर लिहिलेला आहे. रोज संध्याकाळी पाच ते सात ती खुर्ची पहिल्या वळणावर असते आणि शेजारच्या पायरीवर चौबळ. मी भाजीची पिशवी घेऊन वर चढतो, बाई विचारतात, "काय आणलंत सेक्रेटरी?" मी पिशवी उघडून दाखवतो आणि त्यांच्या बाजूने घरी जातो.